पिवळा दिवाही हिशेब मागतो

व्यापारी बंधूंनो, ही आमच्याच चुकीची गोष्ट आहे.

आमच्या कापड बाजाराच्या चार मजली इमारतीत जिन्याखाली फायर अलार्मचे पॅनल आहे. दोन वर्षांपूर्वी ते रात्री-अपरात्री टीं-टीं करू लागले. आग कुठेच नव्हती, म्हणून वॉचमनने बटण दाबून आवाज बंद केला. पुढे तोही कंटाळला आणि त्याने बझरवर चिकटपट्टी लावली. आम्ही गाळेवाले जाता-येता पिवळा दिवा पाहत होतो आणि गप्प होतो. त्यात मीही आलो.

चार महिन्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या गोदामात पंख्याची वायर जळाली. धूर झाला, पण अलार्म वाजला नाही. चहावाल्या पोराला वास आला, म्हणून दोन ताक्यांवर निभावले. नंतर कळले की रंगकामात त्या मजल्याची अलार्मची वायर तुटली होती. पॅनल चार महिने तेच ओरडून सांगत होते.

लाल दिवा म्हणजे आग. तो लागला की माणसे बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा. नेहमीचीच कुरकुर म्हणून तेव्हा थांबू नका. पिवळा दिवा म्हणजे आग नाही, पण राखणदार आजारी आहे. वीज गेली, बॅटरी उतरली, वायर तुटली, कोणी डिटेक्टर काढून ठेवला, अशी त्याची कारणे असतात. बॅटरी मेलेली असेल तर वीज जाताच पॅनलही मेले. जिथे स्प्रिंकलर आहेत, तिथे पाण्याचा व्हॉल्व बंद असल्याची किंवा टाकीत पाणी कमी असल्याची सूचनाही येऊ शकते. दुरुस्तीसाठी बंद केलेला व्हॉल्व उघडायला विसरले, तर ऐन वेळी पाणी येणार नाही.

मग करावे काय? आधी पॅनलवर काय लिहून आले आहे आणि कोणता मजला दाखवतो, ते वाचा. वहीत तारीख-वेळ लिहा. आवाज बंद करायला हरकत नाही, पण आवाज बंद झाला म्हणजे बिघाड गेला असे नाही. रिसेट दाबूनही तुटलेली वायर जुळत नाही. त्याच दिवशी देखभाल करणाऱ्या कंपनीला बोलवा. दुरुस्ती होईपर्यंत त्या मजल्यावर रात्री माणूस फिरता ठेवा. काम झाले की डिटेक्टरला धूर दाखवून अलार्म वाजतो का, हे समोर उभे राहून पाहा. त्याशिवाय बिल देऊ नका.

आपल्या धंद्यात सुताची तूस फार उडते. ती डिटेक्टरमध्ये बसली की खोटे अलार्म येतात आणि लोकांचा भरवसा उडतो. म्हणून सफाई वेळच्या वेळी करून घ्या.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची आहे. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा दाखला द्यावा लागतो. पण तो दाखला दोन दिवसांचा. मधल्या महिन्यांत इमारत सांभाळायची ती आपणच.

आमच्या इमारतीत आता पॅनलशेजारी वही टांगली आहे. दुकान उघडताना एक गाळेवाला पाळीपाळीने त्यात सही करतो. एक मिनिट लागते. गल्ल्याचा हिशेब आपण रोज पाहतो; ज्याच्या भरवशावर माल आणि माणसे आहेत, त्याचाही पाहू या.