प्रवासातील दुर्बीण

प्रवासासाठी दुर्बीण घेणारा मनुष्य बहुधा 'किती पट मोठे दिसते?' एवढेच विचारतो आणि तेथेच फसतो. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चार चंद्र पाहिले, ते सुमारे २० पट वर्धनानेच! दुर्बिणीचे खरे सामर्थ्य प्रकाश गोळा करणाऱ्या वस्तुभिंगाच्या व्यासात असते. व्यासाच्या मिलिमीटरांच्या दुपटीहून अधिक वर्धन केल्यास प्रतिमा मोठी, पण अंधुक होते. ८० मिलिमीटर व्यासाची व ४०० मिलिमीटर नाभ्यंतराची भिंगाची दुर्बीण पिशवीत मावते. २५ मिलिमीटरच्या नेत्रभिंगाने ती १६ पट वर्धन देते आणि कृत्तिकांचा सारा पुंज एकाच दृष्टिक्षेपात येतो. अशा आखूड नळीत चंद्राच्या कडेला जांभळी झाक दिसते, ती सोसवते. तिवई मात्र डळमळीत असेल, तर उत्तम भिंगही व्यर्थ होय.