खाली ठेवलेला कापूस

प्लॅस्टिक किती लवकर विझलं एवढ्यावरच त्याची पारख करणं अपुरं आहे. जळताना त्यातून काय गळतं तेही बघायला हवं. यूएल-९४ या ज्वलनशीलतेच्या चाचणीत १२५ मिलिमीटरची पट्टी उभी टांगून खालच्या टोकाला दोनदा १०-१० सेकंद ज्योत लावतात आणि ३०० मिलिमीटर खाली कापूस ठेवतात. पट्टी झटकन विझली, पण पेटत्या थेंबाने कापूस पेटला, तर दर्जा फार तर व्ही-२, म्हणजे या चाचणीतला सर्वांत खालचा. यावर आक्षेप असा, की थेंबासोबत उष्णताही निघून जाते, म्हणूनच पट्टी विझते. नायलॉनबाबत हे खरंच; पण घरात त्या थेंबाखाली पडदा नाहीतर गादी असते! म्हणून पॉलिकार्बोनेटसारख्या प्लॅस्टिकमध्ये किंचित टेफ्लॉन मिसळून गळती रोखतात. अर्थात चाचणीची ज्योत छोटी असते. भडकलेल्या आगीत व्ही-० या तिच्यातल्या सर्वोच्च दर्जाचं प्लॅस्टिकही जळतं.