अमेरिकन कॉलेजांतील फुटबॉल : संघ कोणाचा?

मिशिगन राज्यांतील ॲन आर्बर हें सुमारें सव्वा लाख वस्तीचें विद्यापीठाचें गांव आहे. तेथील विद्यापीठानें १९२७ सालीं बांधलेल्या फुटबॉलच्या मैदानांत आज १,०७,६०१ प्रेक्षकांच्या बसण्याची सोय आहे. म्हणजे तान्हीं मुलें आणि अंथरुणास खिळलेलीं माणसें तेवढीं वगळलीं, तर बाकीचें बहुतेक गांव त्यांत सामावेल. नेब्रास्का राज्यांतील लिंकन येथें तर १९६२ च्या नोव्हेंबरपासून विद्यापीठाच्या मैदानावरील प्रत्येक सामन्याचीं सर्व तिकिटें खपत आलीं आहेत. हा धंदेवाईक मंडळींचा खेळ नव्हे. मैदानावर उतरतात ते त्या त्या विद्यापीठाचे विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या खेळापायीं सबंध राज्य कां वेडावतें, आणि अलीकडच्या कांहीं वर्षांत या वेडाची एवढी कसोटी कां लागली आहे, हें समजून घेण्यासारखें आहे. महाराष्ट्रांतून उच्च शिक्षणासाठीं तिकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांनाहि पहिल्याच शरद ऋतूंत या वेडाशीं गांठ पडते.

प्रथम खेळाविषयीं. आपल्याकडे ज्याला फुटबॉल म्हणतात, तो हा खेळ नव्हे. येथें चेंडू लंबगोल असतो आणि तो बहुतेक वेळ हातांतच राहतो. अकरा-अकरा गड्यांचे दोन संघ समोरासमोर उभे राहतात. चेंडू ज्या संघाच्या ताब्यांत असेल, त्यानें चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें. तें न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. कॉलेजांमधील पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यांत झाला. त्या वेळीं एकेका बाजूस पंचवीस गडी होते आणि रटगर्सनें ६-४ असा जय मिळविला. पुढें खेळ इतका आडदांड झाला कीं, १९०५ च्या हंगामांत कित्येक खेळाडू प्राणांस मुकले. त्याच वर्षीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं प्रमुख कॉलेजांच्या प्रतिनिधींना बोलावून कानउघाडणी केली, आणि १९०६ सालीं खेळांचें नियमन करणारी एक संस्था स्थापन झाली. तीच आज एन. सी. ए. ए. या नांवानें ओळखली जाते. हंगाम ऑगस्टअखेरपासून डिसेंबरच्या आरंभापर्यंतचा, आणि एका संघाचे नित्याचे सामने अवघे बारा. बारा शनिवार खेळ आणि उरलेले चाळीस शनिवार वाद, असें या छंदाचें वेळापत्रक आहे.

वाद घालणारे हे लोक कोण? अलाबामा किंवा नेब्रास्का या राज्यांत मोठ्या व्यावसायिक लीगचा एकहि फुटबॉल संघ नाहीं. त्यामुळें राज्याचा म्हणून जो अभिमान असेल, तो विद्यापीठाच्या संघावरच गोळा होतो. ज्यांनीं कॉलेजची पायरीहि चढलेली नाहीं, असे शेतकरी, कामगार आणि दुकानदार तो संघ आपला मानतात. इंडियाना राज्यांतील नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठाला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत न्यूयॉर्कच्या कॅथलिक वस्त्यांतून असा पाठिंबा मिळाला कीं, त्या मंडळींना 'भुयारी रेल्वेचे माजी विद्यार्थी' असें गंमतीचें नांव पडलें. कोल्हापुरांत पाटाकडील किंवा खंडोबा तालमीचा फुटबॉल संघ म्हणजे त्या भागांतील घराघराचा संघ. तेथें जन्मलेल्या मुलाला आपला संघ कोणता, हें कोणी शिकवावें लागत नाहीं. तसाच हा प्रकार आहे. फक्त पेठेच्या जागीं राज्य समजावयाचें.

या नात्याचें मर्म टेक्सासमधील एका प्रसंगांत दिसून येतें. २ जानेवारी १९२२ रोजीं डॅलस येथें टेक्सास ए. अँड एम. कॉलेजचे गडी एकामागून एक जखमी होऊं लागले. तेव्हां सामना पाहावयास आलेल्या किंग गिल नांवाच्या विद्यार्थ्याला प्रशिक्षकानें खालीं बोलाविलें. त्यानें एका जखमी गड्याचा पोषाख चढविला आणि सामना संपेपर्यंत तो कडेला सज्ज उभा राहिला. मैदानांत उतरण्याची वेळ त्याच्यावर आली नाहीं. परंतु त्याच्या स्मरणार्थ त्या कॉलेजचे विद्यार्थी आजहि 'बारावा गडी' या नात्यानें संबंध सामनाभर उभे राहतात. संघांत आपलीहि एक जागा राखलेली आहे, असें पाठिराख्याला वाटतें. आणि ज्याला जागा आहे त्याला मतहि असावयाचेंच. सर्व वादांचें मूळ येथें आहे.

पहिला वाद खेळाडूंच्या भरतीचा. एका विद्यार्थ्याला साधारणतः चारच हंगाम खेळतां येतें. शंभराच्या आसपास गड्यांच्या संघांतून दरवर्षीं बरेच जण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागीं शाळेंतील सतरा-अठरा वर्षांचीं मुलें आणावीं लागतात. त्यासाठीं प्रशिक्षक गांवोगांव हिंडतात, आईबापांच्या बैठकींत जाऊन बसतात, विद्यापीठाची थोरवी गातात. मुलांना तारे देऊन त्यांची प्रतवारी लावणाऱ्या स्वतंत्र कंपन्या आहेत. पांच तारे ही सर्वांत वरची पायरी. १९६४ पासून २०२४ पर्यंत एक राष्ट्रीय करारपत्र प्रचारांत होतें. त्यावर मुलानें सही केली कीं इतर कॉलेजांनीं त्याला भुलवावयाचें नाहीं, असा संकेत होता. त्या सहीचा दिवस पाठिराखे सणासारखा पाळीत. आपल्याकडील स्थळें पाहण्याच्या खटाटोपाचीच ही तऱ्हा. एक पक्ष म्हणतो, तारे मोजा. दुसरा म्हणतो, ताऱ्यांनीं सामने जिंकले जात नाहींत, मुलगा घडवावा लागतो. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य असल्यामुळें हा वाद कधींच मिटत नाहीं.

भरतींत पैसा किती शिरावा, हा प्रश्नहि जुनाच आहे. १९२९ च्या ऑक्टोबरमध्यें कार्नेगी प्रतिष्ठानानें कॉलेजांतील खेळांविषयीं विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला आणि खेळाडूंना आडमार्गानें पैसे देण्याची चाल किती पसरली आहे, हें चव्हाट्यावर आणलें. शिकागो विद्यापीठानें तर पुढें या खेळालाच रामराम ठोकला. ॲमॉस अलॉन्झो स्टॅग यांच्या हाताखालीं हा संघ गाजलेला होता. त्याच्याच एका खेळाडूला १९३५ सालीं पहिलें हाइझमन पारितोषिक मिळालें होतें. तरीहि अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या कारकीर्दींत, १९३९ सालीं, विद्यापीठानें मोठ्या स्पर्धांतील फुटबॉल बंद केला. तीन वर्षांनीं, २ डिसेंबर १९४२ रोजीं, त्याच स्टॅग मैदानाच्या प्रेक्षक-सज्जाखालीं एन्रिको फर्मी आणि त्यांचे सहकारी यांनीं अणुभंजनाची पहिली नियंत्रित साखळी-क्रिया घडवून आणली. फुटबॉल गेल्यानें विद्यापीठ बुडत नाहीं, याला याहून ठळक दाखला मिळावयाचा नाहीं. परंतु मिशिगन किंवा अलाबामा यांसारख्या विद्यापीठांनीं हा कित्ता गिरविला नाहीं. त्यांच्यामागें सबंध राज्य उभें होतें, आणि राज्याला आपला शनिवार हवा होता.

मग मध्यम मार्ग निघाला. १९५६ पासून खेळाडूला शिक्षणाचा व राहण्या-जेवणाचा खर्च उघडपणें देण्याची मुभा मिळाली. त्यापलीकडे पगार म्हणून पै देणें हा अपराध ठरला. या अपराधासाठीं डॅलस येथील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या संघाचा १९८७ चा सबंध हंगाम रद्द करण्यांत आला. या शिक्षेला लोक 'मृत्युदंड' म्हणूं लागले. पुढच्या वर्षीं तर विद्यापीठानें स्वतःच संघ उतरविला नाहीं. इकडे १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें टेलिव्हिजनच्या प्रक्षेपणावरील एन. सी. ए. ए.ची मक्तेदारी मोडली आणि विद्यापीठांकडे पैशाचा ओघ सुरू झाला. प्रशिक्षकांचे पगार वाढले, मैदानें वाढलीं. ज्याच्या घामावर हें सारें उभें होतें, तो खेळाडू मात्र होता तेथेंच राहिला. अखेर २०२१ च्या जूनमध्यें त्याच न्यायालयानें शिक्षणाशीं निगडित लाभांवर घातलेली मर्यादा एकमतानें बेकायदा ठरविली. लगेच १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नांवाचा व छबीचा मोबदला घेण्याची परवानगी मिळाली. २०२५ च्या जूनमध्यें मंजूर झालेल्या तडजोडीनें तर विद्यापीठांना स्वतःच्या उत्पन्नांतून खेळाडूंना वांटा देतां येऊं लागला. २०२५-२६ या वर्षासाठीं ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागें सुमारें २ कोटि ५ लाख डॉलर ठरली. १९८७ सालीं ज्यासाठीं मृत्युदंड झाला, तेंच आतां करारानें होतें.

यांत पाठिराख्याची स्थिति मोठी चमत्कारिक झाली. २०२१ नंतर गांवोगांव त्याच्याकडूनच वर्गणी गोळा करून खेळाडूंना करार देणारीं मंडळें निघालीं. पूर्वीं तो तिकीट काढीत असे. आतां तो अमुक खेळाडू टिकावा म्हणूनहि पैसे भरूं लागला. आणि टिकण्याची शाश्वति तर कमीच झाली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्यें कॉलेज बदलूं इच्छिणाऱ्या खेळाडूंची एक नोंदवही सुरू झाली. त्यापूर्वीं कॉलेज बदलणाऱ्यास बहुधा एक हंगाम बसून काढावा लागे; २०२१ पासून एकदां मोकळीक मिळाली आणि २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीहि वेळां.

दुसरा वाद प्रशिक्षकांचा. २०२४ च्या जानेवारींतील घटना पाहिल्या म्हणजे त्याचें स्वरूप ध्यानांत येतें. ८ तारखेस अंतिम सामन्यांत मिशिगननें वॉशिंग्टनचा पराभव केला. १० तारखेस अलाबामाला सहा अजिंक्यपदें मिळवून देणारे निक सेबन निवृत्त झाले. दोनच दिवसांत अलाबामानें वॉशिंग्टनचे प्रशिक्षक केलन डीबोअर यांना उचललें. वॉशिंग्टननें ॲरिझोनाच्या प्रशिक्षकांना आणलें. ॲरिझोनानें सॅन होझे स्टेटच्या. एका वृद्धाच्या निवृत्तीनें आठवड्याच्या आंत चार विद्यापीठांचीं घरें हललीं आणि त्यांच्यामागून अनेक खेळाडूहि हलले. काढून टाकणेंहि स्वस्त नसतें. २०२३ च्या नोव्हेंबरमध्यें टेक्सास ए. अँड एम.नें जिम्बो फिशर यांना दूर केलें, तेव्हां करारामुळें साडेसात कोटि डॉलरांहून अधिक रक्कम देणें भाग पडलें. पाठिराखे येथें केवळ बोलतात असें नाहीं. २०१७ सालीं टेनेसी विद्यापीठानें ठरविलेली एक नेमणूक लोकांच्या गदारोळामुळें त्याच दिवशीं बारगळली.

तिसरा वाद निष्ठेचा. आणि निष्ठेला विकृत वळणहि लागतें. अलाबामा आणि ऑबर्न या एकाच राज्यांतील दोन विद्यापीठांचें वैर १८९३ पासूनचें. १९०७ नंतर खर्चाच्या किरकोळ तंट्यावरून त्यांनीं चाळीस वर्षें एकमेकांशीं खेळणेंच सोडलें. १९४८ सालीं सामने पुन्हां सुरू झाले. ऑबर्नच्या चौकांतील जुन्या ओक वृक्षांवर कागदी फिती फेंकून जय साजरा करण्याची तेथील रीत. २०१० सालीं ऑबर्ननें अलाबामाला हरविल्यावर अलाबामाच्या एका पाठिराख्यानें त्या वृक्षांना विष घातलें आणि २०११ च्या जानेवारींत रेडिओवरील चर्चेच्या कार्यक्रमांत टेलिफोन करून तें आपणच सांगितलें. वृक्ष वांचले नाहींत. २०१३ सालीं ते तोडावे लागले. प्रेमाच्या पोटीं द्वेष जन्मला म्हणजे त्याला वैऱ्याचें झाडहि पाहवत नाहीं.

असलीं टोकें सोडून दिलीं, तर सामान्य पाठिराख्याचा प्रश्न साधा आहे. खेळाडू वर्षाला बदलतो, प्रशिक्षक रातोरात जातो. मग संघ म्हणून उरतें काय? खेळाडूची मोकळीक न्याय्य आहे, हें कोणाहि विचारी माणसाला मान्य करावें लागेल. प्रशिक्षकानें करार मोडून जावें आणि विद्यार्थ्यानें मात्र बांधून राहावें, यांत नीति कोठें होती? शिवाय खेळाडूंची स्थिरता हा पूर्वींहि भासच होता. लिंकन येथें १९६२ पासून तिकीट काढणाऱ्या घराण्यानें आजवर पंधरा वेळां तरी सबंध संघ बदललेला पाहिला आहे, आणि तरीहि त्याचें तिकीट चुकलेलें नाहीं. त्याची निष्ठा गड्यांवर नव्हतीच. ती त्या नांवावर होती, त्या मैदानावर होती, आणि दरवर्षीं भेटणाऱ्या त्याच वैऱ्यावर होती.

म्हणून खरा धोका निराळाच आहे. २०२४ सालीं टेलिव्हिजनच्या पैशापायीं विद्यापीठांचे जुने प्रादेशिक गट विस्कटले. पॅसिफिक किनाऱ्यावरील गटांतून बारापैकीं दहा विद्यापीठें निघून गेलीं. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया हीं अटलांटिक किनाऱ्याच्या नांवानें चालणाऱ्या गटांत दाखल झालीं, आणि त्या गटांतील बॉस्टनचें कॉलेज त्यांच्यापासून अडीच हजार मैलांहून दूर आहे. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट हे शेजारी १९१० पासून दरवर्षीं खेळत आले होते. २०२३ नंतर तो सामना थांबला. उलट टेक्सास आणि टेक्सास ए. अँड एम. यांचा २०११ नंतर बंद पडलेला सामना २०२४ सालीं पुन्हां जुळला, तेव्हां त्या राज्यांत हरवलेलें माणूस घरीं परतल्याचा आनंद झाला. पाठिराख्याला काय हवें असतें, याचें उत्तर या आनंदांत आहे. गडी कोणीहि असोत; शेजारी तोच असावा आणि शनिवार तोच असावा.

खेळाडूला नोंदवही आहे, प्रशिक्षकाला करार आहे, विद्यापीठाला गट बदलतां येतो. जागा सोडून जाण्याची सोय नाहीं ती एकट्या बाराव्या गड्याला. संघ कोणाचा, या प्रश्नाचा निकाल न्यायालयें आणि टेलिव्हिजन कंपन्या आपापल्या परीनें लावीत आहेत. परंतु जो सोडून जाऊं शकत नाहीं, त्याचाहि त्यांत हक्काचा वांटा आहे, हें ध्यानांत न घेतां लावलेला निकाल त्या भरलेल्या मैदानांना फार दिवस पुरणार नाहीं.