मांजराचं इन्सुलिन: आधी टोपणाचा रंग पाहा

कोरेगावच्या मेडिकलमध्ये मिळतं ते माणसांचं इन्सुलिन. मांजरालाही ते चालतं, पण मात्रा पशुवैद्यकानेच ठरवायची. घात होतो सिरिंजमध्ये. लाल टोपणाची सिरिंज मिलिलिटरला ४० युनिटवाल्या कुपीसाठी, केशरी १०० साठी. ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन १०० चं. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं, तर डोस अडीचपट जातो. इवल्या जिवाला तो झेपत नाही.

डोस सहसा बारा तासांनी. मांजराने खाल्लं नसेल, तर टोचण्याआधी डॉक्टरांना फोन करा. साखर उतरून मांजर लटपटू लागलं, तर हिरड्यांना मध चोळा नि दवाखाना गाठा. एरवी दवाखान्यात भेदरलेल्या मांजराची साखर भीतीनेच चढते. म्हणून कानाच्या कडेला टोचून घरीच मोजायला शिका. दूधभात बंदच. अडलंच, तर जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.