काडी मोडायला किती वर्षे लागतात?

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात सात जुनी कालनिर्णये गुंडाळून ठेवलेली आहेत. २०१५ ते २०२१. एरवी जानेवारी उजाडला की जुने कॅलेंडर मी वह्यांना कव्हरे घालायला काढते. ही सात मात्र टाकवली नाहीत. त्यांच्या चौकोनांत दुधाचा हिशेब आहे, गॅसचा सिलिंडर कधी लावला त्याची खूण आहे आणि अधूनमधून लाल शाईने नुसते एक अक्षर आहे : 'को.' म्हणजे कोर्ट. परवा एका रिकाम्या दुपारी मी ते सगळे 'को.' मोजले. ६१ भरले.

माझ्या लेकीचा घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला फेब्रुवारी २०१५ मध्ये आणि हुकूमनामा हाती आला फेब्रुवारी २०२१ मध्ये. सहा वर्षे. अर्ज केला तेव्हा नातू सव्वादोन वर्षांचा होता, बोबडे बोलत होता. निकाल लागला तेव्हा तो तिसरीत होता आणि त्याचे तेरापर्यंतचे पाढे पाठ होते.

ही दुपार आठवण्याचे कारण म्हणजे शेजारच्या इमारतीतल्या एक बाई. जिन्यात गाठून त्यांनी हळूच विचारले, "काकू, तुमच्या मुलीचे झाले ना? किती वेळ लागतो हो या कामाला?" मी वकील नाही. तीस वर्षे शाळेत शिकवले, एवढाच माझा अधिकार. पण कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर सहा वर्षे बसलेल्या बाईला काही गोष्टी कळतातच. त्या बाईंना जिन्यात जे सांगता आले नाही ते इथे लिहिते आहे.

लेकीच्या संसारात नेमके काय बिनसले ते मात्र लिहिणार नाही. नातू आता मोठा झाला आहे, रविवारची पुरवणी तोही वाचतो.

कायद्याचे घड्याळ

आपल्याकडे अनेक समाजांत 'काडीमोड' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे. पंचांसमोर काडी मोडली की नाते संपले. शब्द ऐकला तरी वाटते, कट्‌ असा एक आवाज आणि झाले! हिंदू विवाह कायद्याने अशा रूढीच्या काडीमोडीला आजही जागा ठेवली आहे; पण ती रूढी समाजात खरोखर चालत आलेली आहे हे सिद्ध करावे लागते. बाकीच्यांना कायद्याचा रस्ता मिळाला तो उशिराच. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला १९४७ मध्ये आणि देशभरासाठी १९५५ मध्ये. परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची सोय तर १९७६ च्या दुरुस्तीने आली. (इतर धर्मीयांचे कायदे वेगळे आहेत, मी लिहिते आहे ते आमच्या वाट्याला आलेल्या कायद्याबद्दल.)

या कायद्यातली घड्याळे अशी : लग्नाला वर्ष होईपर्यंत, अगदी असह्य हालाचे प्रकरण असल्याशिवाय, अर्जच करता येत नाही. दोघांची संमती असेल तर निदान वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. मग दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिने थांबायचे आणि पुन्हा न्यायाधीशांसमोर जाऊन 'आमचा विचार कायम आहे' असे सांगायचे. हे सहा महिने पूर्वी सक्तीचेच समजले जात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जोडपे दीड वर्षाहून अधिक काळ वेगळे राहत असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि मूल, पोटगी, वस्तू यांचे सगळे ठरले असेल, तर न्यायालय ही मुदत माफ करू शकते. तेव्हा सगळे जुळून आले तर काही आठवड्यांतही सुटका होते. मात्र हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो आणि तसे झाले की गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर.

संमती नसेल तर क्रूरता, सोडून जाणे, व्यभिचार असे कारण दाखवून ते सिद्ध करावे लागते. नोटीस पोहोचल्यापासून सहा महिन्यांत असा खटला संपवण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायद्यातच लिहिले आहे. हे वाक्य आमच्या वकीलबाईंनी मला पुस्तकात दाखवले होते. मी विचारले, "मग?" त्या नुसत्या हसल्या.

तारखांचा हिशेब

त्या ६१ तारखांपैकी खरोखर काही काम झाले अशा १९. उरल्या ४२. त्यांचा हिशेब मी कॅलेंडरावरच्या खुणांवरून मांडला.

पाच तारखा गेल्या समन्स बजावण्यात. जावई बंगळूरला होता, त्याने भाड्याचे घर बदलले होते. 'घर बंद' असा शेरा मारून कागद परत आला की महिनादीड महिना गेलाच. शेवटी त्याच्या नव्या नोकरीचा पत्ता मिळाला तेव्हा ते काम झाले. माणूस येतच नसेल तर एकतर्फी निकाल मिळू शकतो, पण समन्स नीट बजावलेले नसेल तर तो निकाल नंतर रद्दही होतो. म्हणून पत्ता पक्का असणे ही पहिली गोष्ट.

नऊ तारखांना न्यायाधीश नव्हते : कधी रजा, कधी बदली होऊन नवे यायचे होते. नवे साहेब आले की त्यांना फाइल वाचायला वेळ हवा. तो त्यांचा दोष नव्हे. बोर्डावर त्या दिवशी लावलेल्या प्रकरणांची यादी पाहिली तर पोटात गोळा येई.

तेरा वेळा त्यांच्या वकिलांनी मुदत मागितली. कैफियत तयार नाही, कागद आले नाहीत, साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत. सात तारखा संप आणि टाळेबंदीत गेल्या. २०२० चे निम्मे कॅलेंडर तर लाल शाईवाचूनच आहे.

पाच, नऊ, तेरा, सात मिळून झाल्या ३४. उरल्या आठ. त्या आम्ही मागितलेल्या मुदती होत्या. कधी आमच्या ह्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते, हे खरे. पण तीनदा मी दागिन्यांची यादी बदलली. आधीच्या यादीत चांदीचे ताम्हन आणि माझ्या सासूबाईंची मोहनमाळ राहिली होती.

मुख्य अर्जाच्या पोटात आणखी अर्ज असतात, तेही वेळ खातात. खटला चालू असतानाच्या पोटगीचा अर्ज ६० दिवसांत निकाली निघावा असे कायदा म्हणतो. आमचा चौदा महिने चालला. पगार किती यावरच दोन्ही बाजू भांडत बसल्या. २०२० पासून मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे दोघांनाही आपले उत्पन्न आणि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावी लागते. त्याशिवाय मुलाची भेट, त्याचा ताबा, घरगुती हिंसाचाराचा अर्ज, फौजदारी तक्रार असली तर ती आणि कधी खटला दुसऱ्या गावी हलवण्याचा अर्ज. एकेक अर्ज म्हणजे वेगळे तोंड असलेली विहीर. निकाल लागला तरी ९० दिवस अपिलाची मुदत. तोवर दुसरे लग्न करता येत नाही.

मामा आले होते

आता जे सांगायचे ते सांगायला मला जड जाते आहे.

२०१५ च्या गणपतीत जावयाचे मामा आमच्याकडे आले. समन्स नुकतेच पोहोचले होते. आरती झाली, मी प्रसाद हातावर ठेवला आणि ते म्हणाले, "विहीणबाई, आता जुळत नाही हे आम्हालाही दिसते. संमतीने करून टाकू. मुलगा आईकडे राहील, महिन्यातून दोन रविवार बापाला भेटू द्या. दागिने परत करतो. मुलाच्या खर्चाचे बसून ठरवू."

मुलगी तेव्हा वेगळी राहू लागल्याला सव्वा वर्ष झाले होते. त्या दिवशी हो म्हटले असते तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सगळे उरकले असते.

मी नाही म्हटले. लेकीला विचारले नाही. ती आत नातवाला निजवत होती. मी म्हटले, "माझ्या मुलीला जे भोगावे लागले ते त्याने कोर्टात कबूल करावे. न्यायाधीशांनी ते कागदावर लिहावे. मग बघू." मामा निघून गेले आणि त्या रात्री मला फार बरे वाटले.

तो कागद मिळवायचा तर मुलीला पिंजऱ्यात उभे राहावे लागते, हे मला २०१८ मध्ये कळले. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी विचारले, "दुसऱ्या दिवाळीत पाडव्याला तुम्ही नवऱ्याला ओवाळले होते का?" ती म्हणाली, हो. "म्हणजे संबंध गोडीचे होते, बरोबर?" ती गप्प. असे दोन दिवस चालले. घरी येताना रिक्षात ती एवढेच म्हणाली, "आई, हे कुणासाठी चाललंय?"

नातू दर महिन्याला कोर्टातल्या खेळण्यांच्या खोलीत वडिलांना भेटे. एकदा कॅलेंडरासमोर खुर्ची ठेवून वर चढला आणि मला विचारू लागला, "आजी, आपली तारीख कधी आहे?" दुसरी मुले सुटी कधी ते विचारतात.

"आई, तुम्ही जरा बाहेर बसता?"

२०२० च्या अखेरीस न्यायालयाने प्रकरण मध्यस्थीसाठी पाठवले. कौटुंबिक न्यायालयाने आधी तडजोडीचा प्रयत्न करावा, असे १९८४ चा कायदाच सांगतो. समुपदेशकांकडे आम्ही सुरुवातीलाही गेलो होतो, पण तिथे बोलणारी मीच. या वेळच्या मध्यस्थ बाईंनी तोंडावरचा मास्क सारखा केला आणि मला म्हणाल्या, "आई, तुम्ही जरा बाहेर बसता?" त्यांच्याकडच्या वडीलधाऱ्यांनाही त्यांनी बाहेर काढले. आत दोघेच.

तासाभरात दोघे बाहेर आले ते ठरवूनच. मुलगा आईकडे, दोन रविवार आणि निम्मी सुटी वडिलांकडे, दागिने परत, शाळेचा खर्च दरमहा खात्यात. अटींचा कागद मी घरी चष्मा लावून वाचला. गणपतीतल्या मामांच्या बोलण्याहून त्यात फारसे वेगळे काही नव्हते. सहा महिन्यांची मुदत माफ झाली आणि संयुक्त अर्जापासून सव्वा महिन्यात हुकूमनामा मिळाला. त्यात कोण चुकले, याबद्दल एक ओळही नाही.

शाळेत मी मुलींना रखमाबाईंची गोष्ट रंगवून सांगत असे. अकराव्या वर्षी लग्न झाले, मोठेपणी त्यांनी नांदायला जाणे नाकारले. नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला, मग अपील झाले आणि १८८७ मध्ये हुकूम झाला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. 'तुरुंग चालेल' म्हणणाऱ्या रखमाबाई मुलींना फार आवडत. पण १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि त्या मोकळ्या होऊन इंग्लंडला डॉक्टर व्हायला गेल्या, हे मी घाईघाईने एका वाक्यात उरकत असे. तडजोड म्हणजे हार, असे माझ्या मनात होते. आज ती गोष्ट सांगितली तर मी त्या शेवटच्या वाक्यापाशी जास्त थांबेन. त्या वाक्यामुळेच पुढे सुरत-राजकोटच्या बायकांना डॉक्टर मिळाली.

याचा अर्थ पुढे केलेल्या कोणत्याही कागदावर सही करावी, असा मुळीच नाही. ज्याच्या हातात पैसा आहे त्याला थांबणे परवडते आणि जिच्या हातात नाही तिला 'लवकर मोकळी हो' म्हणून पोटगी सोडायला लावणारे पुष्कळ भेटतात. मारहाण असेल, उत्पन्न लपवलेले असेल, मूल अडवून धरले असेल, तर लढावेच लागते. स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो; हे फार थोड्या जणींना ठाऊक असते. आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, संसार पुरता मोडला असेल तर ते स्वतःच्या खास अधिकारात घटस्फोट देऊ शकते. तो अधिकार खालच्या न्यायालयांना नाही, त्यामुळे त्या बातमीवर विसंबून कोणी स्वस्थ बसू नये.

जिन्यातल्या बाईंना मी परवा घरी बोलावले. चहा केला. लग्नाचा दाखला, दोन्हीकडचे पक्के पत्ते, दागिन्यांची फोटोंसह यादी, पगाराचे कागद, एवढे आधी गोळा करा म्हटले. यादी एकदाच करा, हेही सांगितले. त्या सगळे लिहून घेत होत्या. मग त्या म्हणाल्या, "काकू, पण त्याला धडा शिकवल्याशिवाय मी सोडणार नाही." त्यांचा आवाज मला ओळखीचा वाटला.

मी विचारले, "मुलगी काय म्हणते?"

त्या थोडा वेळ कपाकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "तिला अजून विचारलं नाही."

"मग आधी घरी जा," मी म्हटले, "आणि तिला विचारा. वकील उद्याही भेटतील."