भैकेराचा बेडूक होताना

मृगाचा पाऊस पडून गेला, की शाळेमागील खड्ड्यात पाणी साचते आणि रात्री बेडकांचे ओरडणे सुरू होते. आठवडाभरात त्याच पाण्यात शेपटीचे काळसर जीव वळवळू लागतात. "गुरुजी, हे मासे कोठून आले?" हा प्रश्न पहिली-दुसरीच्या वर्गात मग ठरलेलाच. शास्त्रीय परिभाषेत या जीवास भैकेर म्हणतात. लहान मुलांना 'बेडकाचे बाळ' एवढे नाव पुरे.

ओरडतो तो नर. मादी पाण्यात अंडी घालते. अंड्यास कवच नसते; काळ्या ठिपक्याभोवती पारदर्शक, चिकट आवरण असते. भिजवलेला सब्जा ज्या मुलांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगावे लागत नाही. भेकाची, म्हणजे अंगावर चामखिळीसारखे उंचवटे असणाऱ्या बेडकाची, अंडी मात्र लांब दोऱ्यांत ओवल्यासारखी असतात.

उबदार पाण्यात एक-दोन दिवसांत पिले बाहेर पडतात. आरंभी ती पाणवनस्पतीला चिकटून राहतात. श्वासासाठी मानेच्या बाजूंना कल्ल्यांचे बारीक झुबके असतात, त्यांवर लवकरच त्वचेचे झाकण येते. अन्न बहुधा शेवाळ. ते पचण्यास वेळ लागतो, म्हणून आतडे फार लांब असते. घड्याळाच्या स्प्रिंगसारखे त्याचे वेटोळे अनेक भैकेरांच्या पोटाच्या पातळ कातडीतून दिसते. आपल्या शेतांतील मोठ्या पिवळसर-हिरव्या बेडकाची पिले मात्र इतर भैकेरांनाही खातात, हे मुलांना सांगावे की नाही, ते शिक्षकांनी ठरवावे.

आधी मागचे पाय दिसू लागतात. पुढचे पाय त्वचेखाली वाढत असतात आणि एके दिवशी अकस्मात बाहेर येतात. यापुढे 'शेपटी गळून पडते' असे वाक्य वर्गात हमखास ऐकू येते. ते चूक आहे. शेपटी गळत नाही. ती शरीरातच शोषली जाते. या दिवसांत तोंड रुंदावत असते, आतडे आखूड होत असते, त्यामुळे पिलू जवळजवळ काही खात नाही आणि शेपटीतील द्रव्यावर निभावते. कल्ले जाऊन श्वसनाचे काम फुप्फुसांकडे येते. अशा वेळी वर चढण्यास दगड वा काठ नसेल, तर बेडकाचे पिलू पाण्यातच बुडून मरते.

हे सर्व घडविणारा स्राव अवटू ग्रंथीचा. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञाने भैकेरांना या ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले, तेव्हा त्यांची वाढ होण्यापूर्वीच त्यांचे चिमुकले बेडूक झाले. हा स्राव तयार होण्यास आयोडीन लागते. गलगंड टाळण्यासाठी आपण मिठातून घेतो, तेच हे आयोडीन.

सह्याद्रीतील काही झुडपी बेडूक हा सारा टप्पा अंड्यातच उरकतात. त्यांच्या अंड्यांतून थेट इवले बेडूकच बाहेर येतात. डबक्यातील भैकेराला ती सोय नाही. पाणी आटण्यापूर्वी त्याला पाय फुटले पाहिजेत. काठावर मुरूम टाकून खड्डा जुलैत बुजविला, अथवा डासांसाठी त्यावर तेल ओतले, तर ती पिढी तेथेच संपते. ग्रामपंचायतीने असे खड्डे उन्हाळ्यात बुजवावेत आणि एखादे निरुपद्रवी डबके शाळेजवळ राहू द्यावे. शेतातील मोठा बेडूक वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. त्याच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली. पिलांची जात मुलांना ओळखता येत नाही, तेव्हा बरणी भरून वर्गात आणण्यापेक्षा वर्गच डबक्यावर न्यावा. बरणीत नळाचे, टीसीएल घातलेले पाणी ओतल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेली भैकेरे पाहण्याची वेळ मुलांवर येते. डबक्यावर दर आठवड्यास एकदा गेले, दिनांक लिहून पाय व शेपटी यांचे चित्र वहीत काढले, की पाचसहा पानांत संपूर्ण पाठ तयार होतो.