नवा हंगाम, नवा फ्लास्क : बोटीवर चहा-कॉफी गरम राहायची तर काय बघून घ्यावं



३१ जुलैला बंदी संपते आणि १ ऑगस्टपासून मालीम, शापोरा, वास्को, कुटबण, तळपण सगळीकडे बोटी सुटायला लागतात. जाळी, इंजिन, डिझेल, बर्फ, रेशन, सगळ्याचा हिशोब आधीपासून होतो. फ्लास्क मात्र शेवटच्या दिवशी बाजारात जो दिसेल तो उचलला जातो. दोन महिन्यांत त्याचं झाकण गळतं, चहा कोमट होतो, आणि मग पहाटे लाटांवर हलणाऱ्या बोटीत पुन्हा स्टोव्ह पेटवावा लागतो. भाजण्याचे, आग लागण्याचे प्रकार तिथेच होतात. म्हणून हा विषय लहान समजू नका.

फ्लास्क गरम कसा ठेवतो?

चांगल्या फ्लास्कला दोन भिंती असतात आणि मधली हवा काढून टाकलेली असते. हवाच नाही म्हटल्यावर उष्णता एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर सहज जात नाही. ही युक्ती १८९२ मध्ये जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये काढली, तीही अतिथंड द्रवरूप वायू थंड ठेवण्यासाठी. म्हणूनच तोच फ्लास्क एप्रिल-मेच्या उन्हात पाणी थंडही ठेवतो.

उष्णता बाहेर जायची मोठी वाट राहते ती तोंड आणि झाकण. तोंड जितकं रुंद आणि झाकण जितकं पातळ, तितका चहा लवकर निवतो. चहा-कॉफीला अरुंद तोंडाचा घ्या. रुंद तोंडाचा डबा पेजेला किंवा सोलकढीला ठीक.

दुकानात काय बघायचं?

१. "व्हॅक्यूम" आहे का ते विचारा. बाहेरून स्टील आणि आत नुसता फोम भरलेल्या बाटल्याही "इन्सुलेटेड" म्हणून विकल्या जातात. त्या दोन-तीन तासांच्या कामाच्या, रात्रभराच्या नव्हेत.

२. आयएसआय चिन्ह बघा. घरगुती इन्सुलेटेड फ्लास्कला हे चिन्ह सरकारने सक्तीचं केलं आहे. चिन्हासोबत सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो. तो मोबाईलवर "बीआयएस केअर" ॲपमध्ये टाकला की परवाना खरा की खोटा ते कळतं.

३. आतलं स्टील ३०४ (म्हणजेच १८/८) असावं. त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०१, २०२ या स्वस्त स्टीलमध्ये निकेल कमी, त्यामुळे खाऱ्या हवेत त्यावर गंजाचे ठिपके लवकर येतात. ३१६ मिळालं तर आणखी चांगलं, मिठापुढे ते जास्त टिकतं. काही दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात. त्यावर जाऊ नका. चुंबक ३०४ ला चिकटत नाही, तसा २०२ लाही चिकटत नाही. स्टीलचा नंबर बाटलीवर किंवा खोक्यावर लिहिलेला आहे का ते बघा.

४. "२४ तास गरम" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. किती तासांनी किती अंश राहतं, हा आकडा खोक्यावर शोधा. ज्याच्यावर आकडा आहे तो माल निदान तपासता येतो.

५. झाकणाची रबरी रिंग सुटी काढता येते का आणि वेगळी विकत मिळते का ते विचारा. फ्लास्क चांगला असतो, रिंग जाते, आणि रिंग मिळत नाही म्हणून अख्खा फ्लास्क टाकावा लागतो.

६. बूड रुंद, उंची कमी आणि पकडायला कान किंवा कडी असावी. कडीला दोरी बांधून ठेवता येते. लांबट, निमुळता फ्लास्क बोटीच्या पहिल्या हेलकाव्याला आडवा होतो.

काच की स्टील?

काचेचा फ्लास्क उष्णता छान राखतो, स्वस्तही पडतो. घरी, जेटीवर, मासळी बाजारात बसणाऱ्या आपल्या बायांना तो चालेल. बोटीवर नको. एकदा आपटला की आतली काच फुटते आणि अंधारात काचेचा चुरा चहातून पोटात जाऊ शकतो. काचेच्या फ्लास्कमधून हलवताना खळखळ आवाज आला तर तो चहा ओतून टाका, गाळून पिऊ नका.

घरी आणल्यावर दोन परीक्षा

पहिली : उकळतं पाणी भरून झाकण लावा आणि दहा मिनिटांनी बाहेरून सगळीकडे हात फिरवा. अंगाला कुठेही गरम लागलं तर मधली पोकळी गेली आहे, फ्लास्क परत करा. फक्त गळ्याजवळ थोडं गरम लागणं साहजिक आहे.

दुसरी : भरलेला फ्लास्क कोरड्या कागदावर उलटा करून अर्धा तास ठेवा. कागद ओला झाला तर बोटीवर तो गळणारच.

जुन्या फ्लास्कचीही बंदीच्या दिवसांत हीच परीक्षा करा. जोरात आपटून पोचा आला, की बाहेरची भिंत आतल्या भिंतीला टेकू शकते आणि मग उष्णता तिथून निघून जाते. डोळ्यांना पोचा छोटा दिसतो, चहा मात्र निवतो.

किती मोठा घ्यावा?

एका कपाला साधारण १०० ते १५० मिली धरा. होडीवर दोघं-तिघं असतील आणि दोनदा प्यायचं असेल तर एक लिटरचा पुरे. ट्रॉलरवर तांडेल धरून सात-आठ जण असतील तर अडीच लिटरच्या एका मोठ्या फ्लास्कपेक्षा सव्वा लिटरचे दोन बरे. कारण असं की अर्धा रिकामा फ्लास्क भरलेल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने निवतो. उष्णता बाहेर जायची वाट तेवढीच राहते, पण आतला साठा निम्मा होतो. शिवाय दर वेळी झाकण उघडलं की वाफ जाते. एक फ्लास्क जाताना उघडा, दुसरा जाळं ओढून झाल्यावर.

पंपाचा फ्लास्क झाकण न उघडता ओततो, ही सोय चांगली. पण तो उंच असतो आणि आडवा झाला की गळतो. केबिनमध्ये खोक्यात घट्ट बसवता येत असेल तरच घ्या.

भरायची रीत

आधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं ठेवा, मग ते टाकून चहा भरा. नाहीतर थंड स्टील तापण्यात सुरुवातीचे दोन-तीन अंश जातात. लहान मगमध्ये हे जास्त जाणवतं. झाकणाखाली बोटभर जागा सोडा, काठोकाठ भरलं तर झाकण लावतानाच उकळता चहा हातावर येतो. उघडताना तोंडापासून लांब धरून हळू फिरवा.

दूध वेगळं ठेवा

दुधाचा चहा ६० अंशांच्या खाली उतरून कोमट राहिला की त्यात जंतू वाढतात. उकळल्यावरही काही जंतूंची बीजं जिवंत राहतात, त्यामुळे "उकळला होता" हे कारण पुरत नाही. लांबच्या फेरीला फ्लास्कमध्ये कोरा चहा किंवा कोरी कॉफी न्या, साखर आणि दूध पावडर डब्यात. दुधाचा चहा नेलाच तर चार तासांत संपवा. परत आल्यावर उरलेला घरी गरम करून मुलांना देऊ नका.

मग कसा असावा?

ज्याच्या हातात सुकाणू आहे त्याला झाकणाचा मगच द्या. नुसतं सरकणारं झाकण असलेला मग आडवा झाला की सांडतो. फिरवून बंद होणारं झाकण बोटीवर उपयोगाचं.

ओतल्याबरोबर प्यायची घाई नको. ६० अंशांचं पाणी साधारण पाच सेकंदांत कातडी खोलवर भाजू शकतं, त्याहून गरम असेल तर वेळ आणखी कमी. ६५ अंशांच्या वरची पेयं नेहमी पिण्याने अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका संभवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं आहे. दोन-चार मिनिटं थांबा.

कोणी भाजलंच तर पिण्याच्या कॅनमधलं गोडं पाणी भाजल्या जागेवर वीस मिनिटं हळूहळू सोडत राहा. बर्फ, टूथपेस्ट, तेल काही लावू नका. फोड मोठे असतील तर बोट वळवा.

आणखी एक. कॉफीचा असर व्हायला साधारण अर्धा तास लागतो, आणि ती झोपेची जागा घेत नाही. पहाटे तीन-चारला डोळे मिटायला लागले तर कप हातात देऊन भागणार नाही, सुकाणूवरचा माणूस बदला.

टिकवायचा कसा?

फेरीवरून आल्यावर आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवा. मीठ शिवणीत आणि बुडाशी साचतं, गंज तिथूनच सुरू होतो. रिंग काढून वेगळी घासा, मासळीचा वास तिच्यातच बसतो. आतले डाग काढायला गरम पाण्यात खायचा सोडा घालून रात्रभर ठेवा. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचं पाणी वापरू नका, स्टीलला बारीक खड्डे पडतात. ठेवताना झाकण उघडं ठेवा.

बोटमालकांना एक विनंती. फ्लास्क आणि झाकणाचे मग बोटीच्या सामानात धरा, खलाशांवर सोडू नका. पहाटे पेटवावा न लागलेला स्टोव्ह आणि न भाजलेला हात यात तो खर्च भरून येतो.

आपल्या बोटीवर कुठला फ्लास्क किती हंगाम टिकला, ते खाली लिहा. दुसऱ्याला घेताना उपयोग होईल.

हंगाम चांगला जावो, सगळे सुखरूप परत येवोत.